सहाची मोटार की पंधराची?

पारस, परवा सकाळी त्या मुंबईच्या मोटारवाल्याचा पुन्हा फोन आला. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. "साहेब, ठरलं का तुमचं? सहाची पाठवू की पंधराची? शुक्रवारनंतर माल राहील की नाही सांगता येत नाही." मी नेहमीसारखं म्हणून गेलो, "थांबा हो, जोडीदाराला विचारून सांगतो." फोन ठेवला आणि मग कळलं आपण काय बोलून बसलो ते. तुला जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते.

शैला दारातून ऐकत होती. "अहो, सांगून टाका ना त्याला एकदाचं," ती म्हणाली. बायकोला काय जातं सांगायला! काय सांगू मी त्याला? सहाची सांगितली तर मी जिंकलो, आणि तेही समोरचा उठून गेला म्हणून. पंधराची सांगितली तर ती दया झाली, आणि दया तुला कधीच खपली नाही. वर्षभर तावातावानं भांडलो आपण, आणि निकालाच्या वेळी मला एकट्याला बसवून तू निघून गेलास. हा शुद्ध चावटपणा आहे.

तुझ्या उठावण्याच्या बैठकीला एक गंमत झाली. तुझे कुणी लांबचे काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "पारसची आणि तुमची भागीदारी कशात होती?" मी म्हणालो, "बोटीत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखानं माझं डोकं फिरलं असावं. "कुठंय बोट?" "कोकणात, रत्नागिरीच्या अलीकडे एका खाडीत." "आणि तुम्ही कुठं असता?" "मी जळगावला. पारस इथं धुळ्याला." त्यावर ते जरा सरकून बसले. मला हसू आवरेना. शंभर-दीडशे पांढऱ्या कपड्यांच्या मधोमध मी तोंडाला रुमाल लावून गदगदत होतो, आणि लोकांना वाटलं रडतोय. तेही खोटं नव्हतं.

त्या काकांना पुढचं सांगायचं राहून गेलं. मी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि तू चाळीस वर्षं आग्रा रोडवरच्या तुझ्या पंपांच्या दुकानात. कॉलेजात एका बाकावर बसणारे आपण, त्यातला एक समुद्रावर गेला आणि दुसऱ्यानं समुद्र कधी पाहिलाही नाही. निवृत्त होऊन मी जळगावच्या घरात येऊन बसलो, आणि बसलोच. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. तू एकदा येऊन दिवसभर माझं हे सगळं बघितलंस आणि जाताना म्हणालास, "दिनू, तू जहाजावरून उतरलास खरा, पण अजून जमिनीवर पोचला नाहीस." महिन्याभरानं तुझाच फोन. तुझ्या कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ओळखीनं एक म्हातारं जोडपं आपली कॅटमरान विकत होतं. कॅटमरान म्हणजे काय हेही तुला तेव्हा नीट माहीत नव्हतं. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वर खोली, ओटा आणि शिडाची काठी उभारली की झाली कॅटमरान, असं मी समजावल्यावर तू म्हणालास, "म्हणजे बैलजोडीच की. एक बैल थकला तर दुसरा ओढेल. चल, अर्धी तुझी, अर्धी माझी."

लोकांना वाटतं बोटीचं वेड माझं. मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे बोट तू घेतलीस, आणि समुद्रासाठी घेतली नाहीस, माझ्यासाठी घेतलीस. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तू विषय बदलून पंपाच्या व्हॉल्व्हवर आला असतास, हेही खरं.

आणि भांडणाचं मूळ तिथंच, त्या पहिल्या हिवाळ्यात. आपली बोट जेट्टीपासून अडीच किलोमीटरवर नांगर टाकून उभी राहते, कारण अलीकडे सगळा गाळ. किनाऱ्यावर जायचं तर मोठ्या बोटीच्या पोटाशी बांधलेली छोटी होडी लागते, तिला डिंगी म्हणतात. जुन्या मालकांची डिंगी होती फायबरची, दोन ठिकाणी पाझरणारी, आणि वल्ह्यांवर चालणारी. आपण दुपारी भाजी आणायला गेलो. तुझ्या घरून चंदाभाभींनी दिलेला डबा बोटीवर ठेवलेला, दशम्या आणि कोरड्या चटण्यांचा. सूर्य मावळल्यावर तू अन्न घेत नाहीस, पाण्याचा थेंबही नाही, हे मला कॉलेजपासून पाठ. म्हणून मी चारलाच म्हणालो, निघू या. पण तुला जेट्टीवर एक कोळी भेटला. त्याचा डिझेल पंप उचलत नव्हता. मग काय! माशांच्या टोपल्यांमधून नाकाला रुमाल लावून तू त्या पंपापाशी उकिडवा बसलास आणि नोझल काढून फुंकर मारत बसलास. "दोन मिनिटं दिनू, दोन मिनिटं." तो पंप चालू झाला तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मी जीव तोडून वल्ही मारली. निम्म्या वाटेत सूर्य बुडाला. तू मागं बसून शांतपणे बघत होतास. मला इतकं वाईट वाटलं, आणि तू म्हणालास, "अरे, घरी असतो तर हा असा मावळताना दिसला असता का?" रात्रभर उपाशी राहिलास आणि सकाळी त्याच शिळ्या दशम्या असल्या चवीनं खाल्ल्यास की मीही दोन मागून घेतल्या.

त्याच सकाळी तू जाहीर केलंस की नवी डिंगी घ्यायची आणि तिला पंधराची, म्हणजे पंधरा हॉर्सपॉवरची, मोटार लावायची.

डिंगीवर आपलं एकमत झालं हा एक चमत्कारच. फुगवायची रबरी घ्यायची, खाली अॅल्युमिनियमचा तळ, लांबी तीन मीटर, हे दोघांना पटलं. फायबरची जड आणि मोठ्या बोटीला धक्के देणारी, म्हणून ती बाद. प्रश्न होता रबर कुठलं. एक स्वस्तातलं पीव्हीसीचं, एक महागडं हायपॅलॉन. विकणारे दोघंही सांगत होते की आमचं उन्हात टिकतं. तुला त्यावर हसू आलं. "ऊन म्हणजे काय हे ह्यांना कुठून माहीत? त्यांना म्हणावं मे महिन्यात जळगावला या." आणि खरोखरच, एका ओळखीच्याकडून जुनी पीव्हीसीची डिंगी मागवून तू ती माझ्या गच्चीवर ठेवायला लावलीस. सकाळी सातला, हवा गार असताना, टणटणीत फुगवून. जळगावचा मे, पारा पंचेचाळीसच्या वर. जो माणूस चाळीस वर्षं मशिनरी विकतो त्याला उन्हानं हवा फुगते हे कळू नये? आणि ज्यानं तीस वर्षं बॉयलर सांभाळले त्याला? आपण दोघं खाली कूलरपुढं बसून आंबे खात होतो. एकच्या सुमारास असा आवाज झाला की समोरच्या पाटीलबाई गॅसचा सिलिंडर गेला म्हणून ओरडत रस्त्यावर आल्या. वर जाऊन पाहिलं तर डिंगीची शिवण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलेली आणि पाण्याच्या टाकीवरचं झाकण शेजाऱ्याच्या अंगणात. तू हात झटकून म्हणालास, "ठरलं. हायपॅलॉन." शैला आठवडाभर तुझ्याशी बोलत नव्हती. नंतर तीच सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगायला लागली.

मोटारीवर मात्र तू एक इंच हलला नाहीस. आपल्याकडे शेतकरी जसं विहिरीवर पाचची टाकली की साडेसातची विचारतो, तसं तू मला उठता बसता विचारायचास, "मग, पंधराची ना?" माझं म्हणणं साधं होतं. सहाची मोटार पंचवीस किलोची. डिंगीच्या मागच्या फळीवरून काढून वर बोटीवर घ्यायची झाली तर आपल्यापैकी कुणीही एकटा उचलेल. पंधराची पन्नास किलोची. आपण दोघंही साठी ओलांडलेले, तुझी कंबर तर पंपाच्या खोक्यांनी केव्हाच गेलेली. हलत्या डिंगीत उभं राहून पन्नास किलो उचलायचं म्हणजे मोटार तरी पाण्यात, नाही तर माणूस. तुझं म्हणणं त्याहून साधं. सहाच्या मोटारीला बोटीपर्यंत वीस मिनिटं लागतात, पंधराची डिंगीला पाण्यावर उचलून सातात नेते. "आणि सूर्य माझ्यासाठी थांबत नाही, दिनू."

एकदा मी डाव टाकला. म्हणालो, "पारस, मोठी मोटार म्हणजे मोठं पातं. पात्याखाली मासे येतात, बारीक जीव येतात. ते पाप कुणाच्या माथी?" पाणी गाळल्याशिवाय न पिणारा माणूस तू, तुला हे लागणार हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते वापरलं. दोन दिवस तुझा फोन नाही. मला झोप येईना, की आपण भलत्याच ठिकाणी घाव घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. "ऐक. सहाची मोटार वीस मिनिटं पाणी घुसळते, पंधराची सात. कमी वेळ म्हणजे कमी जीव. बोल आता!" असा वकील कोर्टात असता तर न्यायाधीशानं हात टेकले असते. मी हसत बसलो आणि तुला वाटलं मी हरलो.

मग श्रावणात तू दोन्ही मोटारी धुळ्याला आणवल्यास. सहाची माझ्या एका जुन्या जहाजसोबत्याची, पंधराची कुणा ओळखीच्याची वापरलेली, दोन्ही परत द्यायच्या बोलीवर. दुकानामागं तुझा पंप तपासायचा हौद आहेच. तुझे सुकदेव मिस्तरी, तीस वर्षं तुझ्यासोबतचे, पण पाण्यात पातं फिरवणारी मोटार त्यांनी पहिल्यांदा पाहिली. सहाची लावली, गुरगुरली, हौदात जरा लाटा आल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तू पंधराची हौदाच्या काठाला आवळलीस आणि गिऱ्हाइकांना बाजूला व्हा म्हणायच्या आत दोरी ओढलीस. पाणी उसळलं ते थेट पत्र्याला लागून दुकानात आलं. दोन शेतकरी, एक पोस्टमन आणि तुझ्या गादीवरचा पांढरा तक्क्या, सगळे न्हाले. मोटार बंद करून पाहतो तर हौदात टाचभर पाणी. सुकदेव डोळे पुसत म्हणाले, "शेठ, हौदमा पानीच ऱ्हायनं नही! हाई मोटार शे का पंप शे?" आणि त्या भिजलेल्या शेतकऱ्यांपैकी एकानं गंभीरपणे विचारलं की ही विहिरीवर चालेल का. तू त्याला अर्धा तास समजावत होतास. त्या दिवशीही दुकानातून निघायला उशीर, त्या दिवशीही सूर्य मावळायच्या आत घर गाठायला तुझी स्कूटर सुसाट.

आणि मग दिवाळी झाल्यावर फैजपूर. पारस, तो दिवस मी रोज एकदा तरी आठवतो.

माझा मोठा भाऊ आबा, त्याच्या केळीच्या बागेतलं शेततळं, तीस मीटर लांब, तितकंच रुंद, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. तू म्हणालास, हौदात कळत नाही, डिंगी चालवून बघू. हिवाळ्याची सुरुवात, बागेत भरिताचा बेत ठरलेला, वांगी भाजायला तुराट्या रचलेल्या. तुझ्यासाठी वहिनींनी वेगळी बट्टी आणि बिनकांद्याचं वरण केलं होतं, सूर्य मावळायच्या आत जेव म्हणून चारलाच पान वाढायचं सांगून ठेवलं होतं. नुकतीच आलेली हायपॅलॉनची नवी डिंगी पाण्यात सोडली. वहिनींनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सहाची मोटार लावून मी आबाला बसवलं, सोबत वजन म्हणून केळीचे चार घड, आणि छान संथ पाच फेऱ्या मारल्या. आबा राजासारखा बसला होता. काठावर आलो तेव्हा मी तुझ्याकडे बघून नुसत्या भिवया उडवल्या. तुला ते सोसलं नाही.

तू पंधराची लावलीस. पातं कशावर आपटलं की मोटार आपोआप वर उचलली जाते, ती तशी उचलू नये म्हणून मागचा खटकाही लावून ठेवलास. मी ओरडून सांगितलं की खटका काढ, आणि हळू. तू म्हणालास, "मला पंप शिकवतो का?" दोरी ओढलीस आणि मूठ पिरगाळलीस. मी खूप बंदरं पाहिली, पण असं दृश्य पाहिलं नाही. डिंगीचं नाक वर झालं, मागं पाण्याची भिंत उभी राहिली, आणि शेततळं संपलं. मूठ सोडायचं तुझ्या लक्षात येईपर्यंत डिंगी समोरच्या उतारावर चढून थांबली होती, तू तिच्यात उताणा, पाय आकाशात, आणि खाली ते पातं आबाच्या कागदावर घरघरत होतं.

आधी सगळे हसले. मग आबानं पाहिलं की कागद पाण्याखाली हातभर फाटला आहे आणि पाणी आतल्या मुरुमात चाललं आहे. बागेचं चार महिन्यांचं पाणी होतं ते. "काय रे भो!" आबा कपाळावर हात मारून ओरडला, "समुद्र कमी पडला का तुमले? माह्या तळ्यात कायले आले धिंगाणा घालायले?"

तू अंगाचा चिखलही पुसला नाहीस. फोन काढलास, फैजपूरच्या तुझ्या डीलरला लावलास. अर्ध्या तासात ट्रॅक्टरवर दोन पंप आले, पाइपांची भेंडोळी आली. शेजारच्या शेतकऱ्याचं तळं निम्मं रिकामं होतं, त्याला तूच जाऊन हात जोडलेस. पाणी तिकडं ओढायचं, कागद जोडला की परत आणायचं. पंप कुठं ठेवायचा, पाइप कसा टाकायचा, तू कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून सगळ्यांना नाचवत होतास. दोन तासांत फाटलेला भाग उघडा पडला, पाणी वाचलं, आणि आबाचा जीव भांड्यात पडला. कागद दुसऱ्या दिवशी जोडला. पण त्या सगळ्या धांदलीत सूर्य गेला. तुझं पान वाढलेलं तसंच झाकून ठेवलेलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणालास, "वहिनी, बट्टी सकाळी जास्त चांगली लागते." आम्ही भरीत-पुरी खात होतो आणि तू शेजारी बसून, ओल्या धोतरासारखा लुंगीत गुंडाळलेला, पंधराचीच बाजू मांडत होतास. आबा शेवटी म्हणाला, "ह्या माणसाले हरवता येत नही, दिनू. घेऊन टाक त्याले पंधराची." मी म्हणालो, बघू. डिसेंबरात बोट खाली गोव्यापर्यंत न्यायची ठरलीच होती, त्याआधी ठरवू.

दहा दिवसांनी सकाळी दुकानाला निघताना, चपला घालता घालता तू खाली बसलास.

तुझ्यावर रागावण्यासारखं मी शोधून पाहिलं. फारसं सापडत नाही. उलट मला सारखे माझे वडील आठवतात. ते दवाखान्यात होते तेव्हा मी आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी होतो, येणं शक्य नव्हतं. तू आठ दिवस दुकान सुकदेववर टाकून जळगावला त्यांच्या उशाशी बसलास. ते तुला दिनूच समजत होते शेवटी, आणि तू "हो बाबा, आलोय" म्हणत होतास. हे मला आबानं सांगितलं, तू कधीच नाही. मी परत आल्यावर तुझे आभार मानायला धुळ्याला आलो होतो. तू मला बोलू दिलं नाहीस, नवा सबमर्सिबल पंप दाखवत बसलास. तेव्हाच तुझे खांदे धरून सांगायला हवं होतं. आता सांगतो, पारस. तू माझ्या वडिलांचा मुलगा झालास आणि माझा तर तू भाऊच होतास.

काल धुळ्याला गेलो. मोटारी परत पाठवायच्या होत्या हे निमित्त. खरं म्हणजे तुझ्या दुकानात बसल्याशिवाय मला काही सुचणार नव्हतं. चंदाभाभी तिथंच होत्या, तुझ्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. सुकदेव हौदापाशी. मी भाभींना सगळं सांगितलं, मोटारवाल्याचा फोन, शुक्रवार, आणि माझी अडचण. म्हणालो, "भाभी, मला हे भांडण असं जिंकायचं नाही. तुम्ही म्हणाल तर पंधराची घेतो. किंवा बोटच विकून टाकू. अर्धी तुमची आहे."

भाभी उठल्या, मागं हौदापाशी गेल्या. पंधराची जमिनीवर आडवी ठेवली होती. पदर खोचून त्यांनी ती धरली, जोर लावला. ती हललीसुद्धा नाही. मग सहाची धरली. सुकदेव पुढं धावले तर त्यांना हातानं थांबवलं. एकदा गुडघ्यापर्यंत उचलली, खाली ठेवली, श्वास घेतला, आणि दुसऱ्या खेपेला ती हौदाच्या काठावर ठेवून मोकळ्या झाल्या. "गव्हाच्या निम्म्या पोत्याएवढी तर आहे," त्या म्हणाल्या. "हीच घ्या, दिनूभाऊ. मला उचलता आली पाहिजे."

"तुम्हाला?" मी म्हणालो.

"मग बोट अर्धी कुणाची म्हणालात तुम्ही?"

मी म्हणालो, "पण भाभी, पारसचं म्हणणं होतं की सहाची हळू जाते. सूर्यास्ताच्या आत पोचायचं कसं?"

त्यावर त्या हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मोटारीचं काय घेऊन बसलात? चाळीस वर्षं हे दुकानातून सूर्य मावळायला दहा मिनिटं असताना निघत होते. मी ताट वाढून खिडकीत उभी. पंधराची दिली असती तर जेट्टीवरून अजून उशिरा निघाले असते. मी वेळेवर निघेन."

मी सुकदेवांकडे पाहिलं. ते मान खाली घालून हौदाचा काठ पुसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग भाभींनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, त्यात धुळ्याच्या सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. डिसेंबरचं पान काढून त्यांनी विचारलं, "तिकडे कोकणात किती वाजता मावळतो?" मी फोनवर पाहिलं. दोनदा पाहिलं. तीस वर्षं समुद्रावर काढली, पण सगळी बोटीच्या पोटात, इंजिनापाशी. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपली खाडी धुळ्याच्या पश्चिमेला आणि बरीच दक्षिणेला. डिसेंबरात तिथं सूर्य धुळ्यापेक्षा बारा-तेरा मिनिटं उशिरा मावळतो. तुझ्या पंधराच्या मोटारीनं वाचवली असती ती मिनिटं समुद्र फुकट देत होता, आणि आपण दोघं शहाणे वर्षभर भांडत होतो.

भाभींना हे सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि दिनदर्शिका मिटली. "म्हणजे तिथं सावकाश जेवता येईल," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पायी इतकी वर्षं मीही घाईघाईतच जेवले, दिनूभाऊ. कधी बोलले नाही."

मग त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, मोटारवाल्याचा नंबर लावायला सांगितला, आणि तो "हॅलो साहेब" म्हणायच्या आत म्हणाल्या, "सहाची पाठवा. मी जोडीदार बोलतेय."